एकाच नवऱ्याची

बसा ना. कुंकवाची कुयरी राहू दे तशीच टेबलावर, मला लावायच्या आधी थोडं ऐका. मी दरवेळी नाही म्हणते, म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या बाकीच्या बायकांनी मला बोलावणं आता सोडून दिलंय. तुम्ही कायझर्सलाउटर्नला नव्या, म्हणून घरी आमंत्रण घेऊन आलात आणि मोकळेपणाने विचारलंत, की सवाष्ण म्हणून जेवायला यायला हरकत काय. हरकत आहे. साडेचारलाच बाहेर काळोख झालाय बघा. कपिल आणि अन्वी पोहायला गेलेत, सहाशिवाय येत नाहीत. तेवढ्या वेळात सांगून होईल. मोठा दिवा नको लावू या, हा छोटा पुरे.

दोन वर्षं झाली. नोव्हेंबर चालू होता.

मी दगड साफ करते. जुन्या मूर्ती, शिलालेख. त्यांच्यावरची माती, शेवाळ, क्षार काढायचे, दगडाला न दुखवता. पुण्यात शिकले, इथे आल्यावर चार वर्षं जर्मन शिकण्यात गेली, आणि मग लहान लहान संग्रहालयांची कामं मिळायला लागली. इथून गाडीने अर्ध्या तासावर हिर्शवायलर म्हणून एक गाव आहे, जंगलाच्या कडेला. तिथल्या जुन्या शाळेत गावाचं हाइमाटमुझेउम आहे, म्हणजे गावच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय. दोनच खोल्या. एकीत नांगर आणि लोणी काढायची पिंपं, दुसरीत रोमन काळातली खापरं. त्या वर्षी गावात पाइप टाकताना एक मूर्ती निघाली होती. आडव्हेंटच्या पहिल्या रविवारी, नाताळच्या चार आठवडे आधी, गावात छोटी जत्रा भरते, तेव्हा ती लोकांना दाखवायची होती. त्याआधी साफ करून द्याल का, असा फोन आला, आणि मी माझी पेटी घेऊन गेले. कापसाचे बोळे, मऊ ब्रश, शुद्ध पाण्याचे कॅन. नेहमीचं काम.

इकडच्या तांबड्या वालुकाश्मातली बसलेली बाई. माझ्या कमरेएवढी. दोन्ही हात मांडीवर, पदर डोक्यावरून घेतलेला. चेहरा झिजून गेलेला. नाक नाही, डोळे नाहीत, ओठांच्या जागी एक आडवी रेघ तेवढी. खालच्या चौथऱ्यावर लॅटिन अक्षरांच्या काही ओळी होत्या.

ते संग्रहालय फ्राउ शेफर बघतात. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेत लॅटिन शिकवायच्या. मी काम करताना त्या थर्मासमधली कॉफी घेऊन शेजारी बसायच्या आणि एकेक अक्षर बोटाने हवेत लिहीत वाचायच्या.

"ही बायकांची देवी," त्या एकदा म्हणाल्या. "रोममध्ये हिचं देऊळ होतं. मूर्तीला हात लावायचा, डोक्यावर फुलं घालायची, हा मान कुणाचा ठाऊक आहे? जिने आयुष्यात एकच नवरा केला तिचा. नवरा मेला आणि दुसरं लग्न केलं, की ती बाई बाहेर. तिने लांबून बघायचं."

"आणि नवरा मेला, पण दुसरं केलं नाही तर?"

"मग चालेल! उलट जास्तच मान. थडग्यावर कोरून ठेवायचे, एकाच नवऱ्याची म्हणून."

आमच्याकडे तीसुद्धा चालत नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

"रोमची मूर्ती बोलली होती असं लिहून ठेवलंय," त्या हसत म्हणाल्या. "एकदा नाही, दोनदा. आमची ही अजून तरी गप्प आहे." मग चौथऱ्याकडे बोट केलं. "या पाच ओळी म्हणजे हिला फुलं वाहणाऱ्या पाच बायका. आता गंमत बघा. बापाच्या घराण्याचं नाव आहे, नवऱ्याचं नाव आहे. बाईचं स्वतःचं असं काही नाहीच. ज्युलिया, म्हणजे ज्युलियसच्या घराण्यातली, अमक्याची बायको."

चौथ्या ओळीत मात्र नवऱ्याच्या नावाची जागा मोकळी होती. नाव खोडलं असेल म्हणून मी टॉर्च आडवा धरून पाहिलं. खोडलेली अक्षरं मी पुष्कळ पाहिली आहेत. छिन्नी कितीही हळू चालवा, दगडावर व्रण राहतो. इथे व्रण नव्हता. दगडाची मूळची कातडी तशीच शाबूत, आजूबाजूच्यासारखीच. पुढची अक्षरं मात्र मध्ये एक नाव असल्यासारखी अंतर सोडून कोरलेली.

"कोरणारा विसरला असेल," फ्राउ शेफर म्हणाल्या. मीही तेच समजले.

आता माझं सांगते. हे मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. कपिल माझा दुसरा नवरा. चोविसाव्या वर्षी माझं मिरजेला लग्न झालं होतं. त्याचं नाव सिद्धांत. लग्नात त्यांच्याकडच्या रिवाजाने तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, ऊर्मिला. अकरा महिने मी ऊर्मिला होते. मग त्याला कावीळ झाली. साधी कणकण म्हणून त्याने अंगावर काढली, आणि डोळे पिवळे झाल्यावर आठ दिवसांत तो गेला. सत्ताविसाव्या वर्षी. त्यानंतरच्या संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं. ताट माझ्यापाशी आलं, जरा थांबलं, आणि पुढच्या बाईकडे गेलं. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. ताट पुढे गेलं, एवढंच. ते मी अजून विसरले नाही. म्हणून इथे आल्यावर कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कपिलला अर्थातच सगळं माहीत होतं. फक्त ऊर्मिला हे नाव मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि सिद्धांतच्या आईला, कुंदाताईंना, मी दर रविवारी फोन करते हेही नाही. तो अन्वीला घेऊन बाहेर गेला की मी करायची. त्यांना दुसरं कुणी नव्हतं. आणि मला ऊर्मिला म्हणणारं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

जत्रेच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मंडळाची सुरुची आणि तिचा नवराही आमच्याबरोबर होते. मसाल्याच्या गरम वाइनचा आणि भाजलेल्या बदामांचा वास सुटला होता. त्या लहान खोलीत पन्नासएक माणसं दाटीवाटीने उभी होती. फ्राउ शेफरनी हिरव्या आयव्हीच्या वेलीचा एक मुकुट वळून आणला होता. शिलालेखात काय लिहिलंय ते त्यांनी सगळ्यांना समजावलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी बाद. माझे दोन घटस्फोट झालेत!" लोक हसले. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "फ्राउ विभावरी, तुम्ही घाला ना. मूर्ती तुम्हीच तर साफ केलीत."

"हो, हो," सुरुची जर्मनमध्ये मोठ्याने म्हणाली. "आमच्याकडे बायका एकदाच लग्न करतात."

"खरंच? तुमचा एकच नवरा?" फ्राउ शेफरनी गमतीत विचारलं, पण अगदी मूर्तीसमोर उभ्या राहून.

सगळे माझ्याकडे बघत होते. सुरुचीही. कपिलने मान खाली घातली.

"याऽ, गेनाऊ," मी जर्मनमध्ये म्हणाले, म्हणजे हो, अगदी बरोबर. "एकच."

मी पिशवीतून हातमोजे काढायला लागले, तर त्या म्हणाल्या, फोटोत वाईट दिसतात, राहू देत. इतके दिवस मी त्या दगडाला उघडा हात लावलेला नव्हता. मुकुट ठेवताना माझी बोटं तिच्या कपाळाला लागली. खोलीत हीटर नव्हता, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आणि दगड गरम होता. ताप चढलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

परत येताना गाडी कपिल चालवत होता. दोन्ही बाजूंना जंगल, पावसाची बारीक झड. अन्वी मागे झोपली होती. मी खिडकी जराशी उघडली होती.

"ऊर्मिला, काच वर कर," कपिल म्हणाला. "गार वारा येतोय."

माझा हात बटणावरच राहिला. "काय म्हणालास?"

"काच वर कर म्हटलं."

"त्याच्या आधी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरोखर काही न कळल्यासारखं. "आधी काही नाही म्हटलं."

मी मनाची समजूत घातली. दिवसभर मनात तेच घोळत होतं, म्हणून तसं ऐकू आलं असेल.

मंगळवारी सकाळी तो दात घासत होता. डाव्या हाताने. कपिलला डाव्या हाताने साधं कुलूप उघडत नाही. दुपारी त्याने डाव्या हाताने सही केली, संध्याकाळी डाव्या हाताने कांदा चिरला, सराईतपणे. मी दारात उभी राहून बघत होते. कांदा चिरायचा झाला की दोन्ही टोकं उडवून तो आधी पाण्यात टाकायचा, ही सिद्धांतची पद्धत. त्यांच्या घरात ते एकटे डावखुरे होते.

बघा, मी आत्ताही 'ते' म्हणाले. सिद्धांतला मी अहो म्हणायची, सासूबाई समोर असायच्या म्हणून. कपिलला पहिल्यापासून अरे-तुरे. त्या आठवड्यात गुरुवारी जेवायला वाढताना माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पोळी घेताय ना?" आणि कपिल न दचकता म्हणाला, "अर्धी वाढ."

मी अर्धी पोळी त्याच्या पानात वाढली.

रविवारी तो अन्वीला पोहायला घेऊन गेला आणि मी कुंदाताईंना फोन लावला. त्यांचा आवाज इतका आनंदी मी गेल्या पंधरा वर्षांत ऐकला नव्हता.

"अगं ऊर्मिला, बरं झालं केलास. शुक्रवारी सिद्धांतचा फोन आला होता."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, एकट्या राहतात. वय झालं, भास होत असतील. लहान मुलाला विचारावं तसं मी विचारलं, "हो? काय म्हणाले?"

"म्हणाला, आई, इथे थंडी फार आहे. कामाचं सांगत होता काहीबाही, मला कुठलं कळतंय. अंगात जराशी कणकण आहे म्हणाला. मी रागावलेच त्याला. म्हटलं, अंगावर काढू नकोस, मागच्या वेळी असंच केलंस." त्या थांबल्या. "तू लक्ष दे हो त्याच्याकडे."

कपिल परत आला, आंघोळीला गेला, तेव्हा मी त्याचा फोन पाहिला. शुक्रवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. भारताच्या कोडनंतर दोन तीन तीन, म्हणजे मिरजेचा नंबर. बावीस मिनिटं. तो नंबर या घरात माझ्या डोक्याशिवाय कुठेही लिहिलेला नाही.

तो आंघोळ करून बाहेर आला. खिडकीपाशी उजेड होता, त्यात त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग जरासा पिवळसर दिसत होता. हळदीचं बोट लागावं तेवढा.

डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. सगळं स्वच्छ. "यकृत उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "पण मग हे डोळे..." आणि ते पुन्हा कागद चाळायला लागले. ताप रोज संध्याकाळी चढत होता. मला काही तपासायची गरज नव्हती. हे सगळं मी एकदा पाहिलेलं होतं, याच क्रमाने. डोळे पिवळे झाल्यापासून आठ दिवस.

पण माझ्या पायाखालची जमीन सरकली ती मंगळवारी. आम्ही जेवत होतो. कपिल बराच वेळ अन्वीकडे बघत होता, पाहुण्यांच्या मुलीकडे बघावं तसं, कौतुकाने. मग हळूच मला म्हणाला, "हिला घरी न्यायला कोण येणार आहे?"

अन्वीला मराठी सगळं समजतं. ती चमचा धरून तशीच राहिली. "पापा," ती जर्मनमध्ये म्हणाली, "मी इथेच राहते ना."

कपिल हसला. परक्या पोरीची गंमत वाटून हसावं तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शाळेत सोडायला गेले. वर्गाबाहेर कोट अडकवायच्या खुंट्या असतात, प्रत्येकीवर मुलाचं नाव चिकटवलेलं. अन्वीच्या खुंटीवर पट्टी होती. पट्टीवर काही नव्हतं. तिच्या बाई बाहेर आल्या, अन्वीच्या केसांवरून प्रेमाने हात फिरवला आणि मला विचारलं, "ही नवीन का? कुठल्या वर्गात दाखल करायचीये?"

तेव्हा मला ती चौथी ओळ आठवली. आणि लख्ख कळलं. मी एकच म्हणाले होते. आता ते खरं होत होतं. पहिला नवरा हाच एक नवरा ठरत होता, आणि त्याला मूल झालं नव्हतं. आणि तोही आठ दिवसांत जाणार होता.

मी अन्वीला हाताला धरून घरी आणलं, शेजारच्या आजींकडे ठेवलं. त्यांना तिचं नाव आठवेना. दुपारी कपिलचा ताप चढायच्या आत मी हिर्शवायलरला निघाले. काम करणारी म्हणून संग्रहालयाची एक किल्ली माझ्याकडे होती.

पोचले तेव्हा चार वाजले असतील. उजेड जवळजवळ गेला होता. रस्त्यात माणूस नाही, धुराड्यांचा धूर खाली उतरून आलेला, चिखलात अर्धवट वितळलेला बर्फ. दार उघडलं तर आतला दिवा लागेना. मी टॉर्च लावला. आत वास होता. ओल्या मातीचा, आणि त्यात मिसळून दूध उतू गेल्यावर घरात पसरतो तसा.

मुकुट तिच्या डोक्यावर तसाच होता. दहा दिवसांत सुकायला हवा होता. तो वाढला होता. आयव्हीचे नवे, पोपटी फुटवे पदरावरून खाली आले होते, आणि त्या वेलीच्या बारीक केसांसारख्या मुळ्या असतात ना, त्या मूर्तीच्या कपाळात रुतल्या होत्या. मी उपटायला गेले तर दगड सोडेना. आणि दगड आता इतका तापला होता की मी हात मागे घेतला.

मी खाली बसले. तिच्या पायाशी. आणि मराठीतच बोलले, दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणार होते?

"मी खोटं बोलले. माझे नवरे दोन. पहिला सिद्धांत, तो गेला. दुसरा कपिल. मी तुला हात लावायला नको होता. लोक बघत होते... मला लाज वाटली. चूक माझी आहे. त्यांना सोड."

कितीतरी वेळ काही झालं नाही. टॉर्चच्या उजेडात धूळ तरंगत होती. मग माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही. माझ्या गळ्यातून माझाच आवाज आला, मी बोलते तसाच, घरगुती, जरा दमलेला.

"कोणता ठेवू?"

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. सुटे सुटे श्वास घेत राहिले. मग हात काढून म्हणाले, "दोघंही... जो गेला तो गेलेलाच राहू दे, आणि जो आहे तो असू दे. होतं तसं. शिक्षा मला कर..."

"शिक्षा नाही," माझ्या गळ्यातून आलं. रागाने नाही. फ्राउ शेफरनी व्याकरण समजावून सांगावं, तसं. "तू माझ्यापुढे एकाची म्हणालीस. एकच राहील. कोणता?"

मला वाटलं होतं, असा प्रश्न आला तर माणूस विचार करेल. रडेल. निदान क्षणभर थांबेल. मी थांबले नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती कोरी पट्टी होती.

"कपिल."

हे मला अजून खुपतं. एका श्वासात म्हणाले.

मुकुट आपोआप खाली पडला. पानं वाळून खडखडीत, हात लावला तर चुरा. दगड थंडगार. मी दाराला कुलूप कसं लावलं आणि गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही.

घरी आले तर दारातच फोडणीचा वास. कपिल पिठलं ढवळत होता, उजव्या हाताने. डोळे पांढरेस्वच्छ. "विभा, होतीस कुठे? फोन का नाही उचललास?" अन्वी टेबलाशी अभ्यास करत होती. वहीवर तिचं नाव होतं, तिच्याच वेड्यावाकड्या अक्षरात. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती जर्मनमध्ये ओरडली, आई, दुखतंय. मी हसत होते आणि रडत होते आणि कपिल पळी हातात धरून नुसता बघत होता.

दोन दिवस मी कशाचाच विचार केला नाही. शनिवारी कागदांची फाइल काढली. आमच्या लग्नाच्या नोंदणीला सिद्धांतच्या मृत्यूचा दाखला लागला होता, तो मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला होता. पाकीट होतं. रिकामं. मिरजेच्या लग्नाचे चार फोटो होते, तेही नाहीत.

"काय शोधतेस?" कपिलने विचारलं.

"दाखला. सिद्धांतचा."

"कोण सिद्धांत?"

तो गंमत करत नव्हता. "माझा पहिला नवरा," मी म्हणाले.

तो हसला, मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला, आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघू लागला.

आता कळलं? कागदांवर, कपिलच्या लेखी, सगळ्या जगाच्या लेखी मी एकाच नवऱ्याची आहे. तुमच्या पंगतीला बसायला माझ्यासारखी योग्य बाई अख्ख्या शहरात मिळायची नाही. म्हणून मी येत नाही.

राहिलं एवढंच. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते दोघं पोहायला गेले. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले आणि मग मिरजेचा नंबर लावला. कुंदाताईंनी उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी... जर्मनीहून बोलतेय. ऊर्मिला."

"कोण ऊर्मिला? कोण हवंय तुम्हाला?"

"सिद्धांतची आई ना तुम्ही?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. आवाज सरळ, साधा. दुःख नाही, काही नाही. "मला मूलबाळ नाही. नंबर चुकला असेल तुमचा."

आठ दिवसांपूर्वी हीच बाई मुलाच्या फोनचं कौतुक सांगत होती. मी माफ करा म्हणाले आणि फोन ठेवणार होते.

"थांबा, थांबा," त्या घाईने म्हणाल्या. "जर्मनीहून म्हणालात ना? मग तुम्हालाच विचारते. बुधवारपासून एक तरणा माणूस आमच्या जिन्यात येऊन बसतो. चांगल्या घरातला वाटतो. चोर नाही. भूक लागली का विचारलं तर नाही म्हणतो. कुणाचा तू, म्हटलं, तर म्हणतो, मलाच ठाऊक नाही. नाव विचारलं तर म्हणतो, ते तिकडे जर्मनीत एका बाईला माहीत आहे, तिचा फोन येईल." त्यांनी आवाज खाली आणला. "आज फार गारठा होता, म्हणून आत घेतलाय. इथेच बसलाय माझ्यासमोर. तुमच्याकडेच बघतोय... म्हणजे फोनकडे. देऊ का त्याला?"

मी काही बोलायच्या आत पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.